बंदुकीचा कोणता भाग म्हणजे बंदूक? : सुटे भाग, ‘रिसीव्हर’ आणि भारतीय शस्त्र कायदा

प्रस्तावना

शस्त्रनियंत्रण हा विषय आपल्याकडे सामान्यतः पोलीस खाते आणि न्यायालये यांच्यापुरता मर्यादित मानला जातो. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात तो राज्यशास्त्राच्या किंवा विधी शाखेच्या एखाद्या प्रकरणात ओझरता येतो आणि तेथेच संपतो. तथापि गेल्या काही वर्षांत या विषयाचे एक नवे अंग विद्यार्थ्यांसमोर येऊ लागले आहे. अमेरिकेतील हौशी लोक जुन्या लष्करी रायफलींच्या सुट्या भागांचा संच विकत घेतात, त्यासाठी ‘रिसीव्हर’ नावाचा एक भाग स्वतंत्रपणे निवडतात आणि घरच्या घरी रायफल जुळवतात. अशा चित्रफिती आज कोणत्याही भ्रमणध्वनीवर सहज पाहावयास मिळतात. त्या पाहणाऱ्या तरुणाच्या मनात एक समज नकळत रुजतो, तो असा की सुटे भाग म्हणजे बंदूक नव्हे. बंदूक पूर्ण झाल्यावरच कायद्याचा प्रश्न येतो.

हा समज भारतात पूर्णतः चुकीचा आहे. त्याची किंमत कमीत कमी सात वर्षांच्या कारावासाइतकी असू शकते. हा प्रश्न केवळ चित्रफिती पाहणाऱ्या तरुणांचाही नाही. वऱ्हाडातील अनेक जुन्या घरांत पीक संरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक, तिची सुटी झालेली नळी किंवा मोडका घोडा पडून असतो. ते भाग म्हणजे ‘लोखंड’ की ‘शस्त्र’, याची स्पष्ट कल्पना त्या कुटुंबांना असतेच असे नाही.

लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) रिसीव्हर या भागाचे यांत्रिक महत्त्व समजून घेणे, (२) अमेरिकी कायद्याने याच भागाला ‘बंदूक’ का मानले आणि त्यातून कोणत्या अडचणी उद्भवल्या, हे पाहणे, (३) भारतीय शस्त्र अधिनियम, १९५९ ची सुट्या भागांविषयीची भूमिका स्पष्ट करणे, (४) वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबे व महाविद्यालये यांच्या दृष्टीने तिचा अर्थ सांगणे. विवेचन कायद्यातील तरतुदी आणि सार्वजनिक नोंदीतील घटना यांवर आधारित असून त्याची पद्धत वर्णनात्मक व तुलनात्मक आहे.

रिसीव्हर म्हणजे काय?

आधुनिक रायफलीचे स्थूलमानाने चार विभाग पडतात. पहिला नळी, जिच्यातून गोळी बाहेर पडते. दुसरा दस्ता, जो खांद्याला टेकवला जातो. तिसरा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीच्या मागील तोंडात ढकलून ते तोंड बंद करणारा दट्ट्या. चौथा चाप, घोडा व स्प्रिंगा यांची यंत्रणा. हे सर्व विभाग ज्या मधल्या धातूच्या सांगाड्यावर बसवले जातात, तो सांगाडा म्हणजे रिसीव्हर. पुढून त्यात नळी बसते, आत बोल्ट मागेपुढे सरकतो, खालून काडतुसांची पेटी लागते आणि मागे दस्ता जोडला जातो.

वाहनाचे उदाहरण घेतल्यास ही कल्पना अधिक स्पष्ट होईल. मोटारीची चाके, आसने, काचा, इतकेच नव्हे तर इंजिनदेखील बदलता येते. परंतु परिवहन कार्यालयाच्या दृष्टीने वाहनाची ओळख चेसिस क्रमांकावर अवलंबून असते. रायफलीत चेसिसचे स्थान रिसीव्हरला आहे. म्हणूनच निर्मात्याचे नाव व अनुक्रमांक बहुधा याच भागावर कोरलेले असतात.

आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीत, जिला विदर्भात ‘भरमार’ असेही म्हणतात, असा रिसीव्हर नसतोच. तिची नळी मागील बाजूने कायमची बंद असते. दारू व छर्रे तोंडाकडून भरून गजाने ठासले जातात आणि घोड्याची यंत्रणा थेट लाकडी दस्त्यात बसवलेली असते. नळीच्या मागील बाजूने काडतूस भरण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, तेव्हा मागील तोंड उघडणारा, पुन्हा घट्ट बंद करणारा आणि स्फोटाचा दाब सहन करणारा भाग आवश्यक ठरला. रिसीव्हर हे त्या गरजेचे फलित आहे.

रिसीव्हर आणि सुरक्षितता

या भागाचे महत्त्व केवळ ओळखीपुरते नाही. ७.६२ मि.मी. नाटो जातीचे काडतूस उडते त्या क्षणी नळीच्या मागील कोठडीत वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट दाब निर्माण होतो. तो दाब बोल्ट व त्याला आधार देणारा रिसीव्हर यांनी पेलावयाचा असतो. रिसीव्हर दुबळा असल्यास तुकडे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतात.

याचे सुप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ या रायफलीचे आहे. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी कारखान्यात तयार झालेल्या, ८,००,००० पेक्षा कमी अनुक्रमांकाच्या रायफलींपैकी काहींचे रिसीव्हर गोळी झाडताना फुटले. चौकशीत असे आढळले की भट्टीतील पोलादाचे तापमान कारागीर केवळ त्याच्या रंगावरून, डोळ्यांच्या अंदाजाने ठरवीत. लख्ख प्रकाशात तापलेले पोलाद प्रत्यक्षापेक्षा कमी तापल्यासारखे दिसे, त्यामुळे ते जास्त तापवले जाई व ठिसूळ बने. अनुभवी कारागीर आणि सरकारी देखरेख असतानाही हे घडले. घरगुती जुळणीत ना भट्टीचे तापमान मोजले जाते, ना तयार शस्त्राची अधिकृत चाचणी होते.

भारतातील उदाहरण पश्चिम बंगालमधील इछापूर रायफल कारखान्याचे आहे. तेथे पूर्वी .३०३ बोअरच्या ली-एन्फिल्ड रायफली तयार होत. १९६० च्या दशकात हीच रचना ७.६२ मि.मी. काडतुसासाठी वापरण्याचे ठरले, तेव्हा केवळ नळी बदलून काम भागले नाही. नवे काडतूस अधिक दाबाचे असल्यामुळे रिसीव्हरसाठी अधिक मजबूत पोलाद वापरण्यात आले. ‘भाग जुळला म्हणजे बंदूक झाली’ ही समजूत अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही किती अपुरी आहे, हे यावरून लक्षात येते.

अमेरिकी कायदा : एकाच भागावर सारा भार

अमेरिकेच्या १९३८ च्या संघीय कायद्यात बंदुकीच्या व्याख्येत तिच्या कोणत्याही भागाचा समावेश होता. प्रत्येक स्क्रू व स्प्रिंगेला बंदुकीप्रमाणे वागवणे व्यवहारात अशक्य ठरले, म्हणून १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने ही व्याख्या बदलली. गोळी झाडणारे वा सहजपणे तसे रूपांतर करता येणारे शस्त्र आणि अशा शस्त्राची ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’ यांना बंदूक मानण्यात आले. नळी, दस्ता, बोल्ट व चाप हे भाग संघीय कायद्याच्या दृष्टीने सामान्य वस्तू झाले.

सुट्या भागांच्या संचाचा व्यापार याच व्याख्येतून वाढला. अनेक देशांच्या सैन्यांनी एफएएल यांसारख्या स्वयंचलित वा अर्धस्वयंचलित रायफली सेवेतून काढल्या. त्या अखंड स्वरूपात अमेरिकी नागरिकांना विकण्यासाठी आयात करता येत नाहीत. म्हणून त्यांचे रिसीव्हर कापून निकामी करण्यात आले आणि उरलेले भाग संच म्हणून विकले गेले. असा संच घेणाऱ्यास नवा, केवळ अर्धस्वयंचलित रचनेचा रिसीव्हर घ्यावा लागतो. तो अनुक्रमांकित असतो आणि परवानाधारक विक्रेत्याकडून, ग्राहकाची पार्श्वभूमी तपासूनच विकला जातो. त्यातही १९९० मध्ये आणखी एक अट आली. ठरावीक प्रकारच्या रायफलींत यादीतील दहापेक्षा अधिक आयात भाग वापरता येत नाहीत. सारांश, तेथे ‘रिसीव्हर कोणता निवडावा’ हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी हौशी जुळणी करणारा कायद्याच्या कक्षेत येतो तो याच टप्प्यावर.

ही पद्धत सोपी असली तरी निर्दोष नाही. तिच्यातील पहिली अडचण अशी की, रिसीव्हर नेहमी अखंड नसतो. एफएएल रायफलीत तो वरचा व खालचा अशा दोन भागांत विभागलेला असून, नळी व बोल्ट धारण करणाऱ्या वरच्या भागाला तेथे बंदूक मानतात. एआर-१५ या रायफलीतही दोन भाग आहेत. परंतु तेथे चाप व घोडा धारण करणारा खालचा भाग बंदूक ठरतो. जुन्या नियमातील व्याख्येनुसार रिसीव्हर म्हणजे घोडा, बोल्ट व झाडण्याची यंत्रणा या सर्वांना सामावणारा भाग. एआर-१५ मध्ये असा एकही भाग नसल्यामुळे काही खटल्यांत आरोपींच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा मांडला आणि काही न्यायाधीशांनी तो ग्राह्य धरला.

दुसरी अडचण अपूर्ण रिसीव्हरची. काही छिद्रे पाडावयाची व थोडा धातू वा प्लॅस्टिक काढावयाचे शिल्लक ठेवून विकला जाणारा तुकडा रिसीव्हर मानावा काय? तो रिसीव्हर नाही असे मानले तर त्यावर अनुक्रमांक नको आणि ग्राहकाची तपासणीही नको. यातून अनुक्रमांक नसलेल्या, माग काढता न येणाऱ्या बंदुकांचा प्रश्न उभा राहिला. २०२२ मध्ये संघीय यंत्रणेने नवा नियम करून असे अपूर्ण रिसीव्हर व सहज जुळवता येणारे संच व्याख्येच्या कक्षेत आणले. या नियमाला आव्हान देण्यात आले. २६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा नियम मूळ कायद्याशी सकृद्दर्शनी विसंगत नसल्याचा निर्णय दिला.

या वादाच्या मुळाशी घटनात्मक भूमिका आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा अधिकार १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने मान्य केला आहे. त्यामुळे तेथे कायद्याला नियंत्रणाचा एक नेमका बिंदू शोधावा लागतो आणि त्याबाहेरचे सर्व मोकळे सोडावे लागते.

अन्य देशांनी या दोन टोकांच्या मधला मार्ग पत्करल्याचे दिसते. ब्रिटनने २०१७ च्या कायद्यात नियंत्रित भागांची यादीच दिली. तीत नळी, कोठडी वा सिलिंडर, फ्रेम वा रिसीव्हर आणि मागील बाजूस दाब रोखणारा बोल्ट वा तत्सम भाग यांचा समावेश आहे. युरोपीय संघाच्या निर्देशातही ‘अत्यावश्यक भाग’ अशी संकल्पना असून वरचा व खालचा असे दोन्ही रिसीव्हर तीत येतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या शस्त्रविषयक प्रोटोकॉलनेही नळी, रिसीव्हर व बोल्ट यांना बंदुकीचे प्रमुख भाग म्हणून ओळखले आहे.

भारतीय कायदा : प्रत्येक भाग शस्त्र

भारतातील शस्त्रनियंत्रणाचा पाया १८७८ च्या शस्त्र कायद्याने घातला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. या अधिनियमाच्या कलम २ मध्ये ‘शस्त्रे’ आणि ‘अग्निशस्त्रे’ या दोन्ही संज्ञांच्या व्याख्येत शस्त्रांचे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्री यांचा स्पष्ट समावेश केला आहे. अमेरिकेने १९६८ मध्ये जी व्यापक व्याख्या सोडून दिली, तिच्याच जवळची व्याख्या भारताने कायम ठेवली. त्यामुळे भारतात ‘कोणता रिसीव्हर निवडावा’ हा प्रश्न परवान्याशिवाय उद्भवूच शकत नाही. रिसीव्हर हे तर शस्त्र आहेच, शिवाय नळी, बोल्ट आणि चापाची यंत्रणा हीदेखील शस्त्रे आहेत.

या व्याख्येचे परिणाम पुढील कलमांतून दिसतात. कलम ३ नुसार अग्निशस्त्र मिळवणे, जवळ ठेवणे वा बाळगणे यासाठी परवाना लागतो. कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती, विक्री, हस्तांतरण, रूपांतर, दुरुस्ती वा चाचणी यांसाठी स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना असलेल्या व्यक्तीसही त्या परवान्याच्या आधारे शस्त्र तयार करता येत नाही. कलम १० नुसार शस्त्रांच्या आयातीसही परवाना लागतो, म्हणजेच परदेशातून टपालाने मागवलेला एखादा भागही या नियंत्रणातून सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ५ चा भंग करून शस्त्रनिर्मिती करण्यासाठी असलेली तीन ते सात वर्षांची शिक्षा वाढवून किमान सात वर्षे व कमाल जन्मठेप अशी केली. ही दुरुस्ती १४ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे.

ओळखचिन्हांबाबत कलम ८ महत्त्वाचे आहे. बंदुकीवरील निर्मात्याचे नाव वा क्रमांक खोडणे, बदलणे वा बनावट टाकणे हा गुन्हा आहे. तसेच ज्याच्या ताब्यात असे खोडलेले शस्त्र सापडेल, त्यानेच ते खोडले असे विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरले जाते. जुनी बंदूक घासूनपुसून ‘नवी’ करताना क्रमांक नाहीसा होणे ही म्हणूनच किरकोळ बाब नाही.

भारतीय कायद्याची नजर रिसीव्हरवर केंद्रित न होण्यामागे इतिहासही आहे. येथील वर्गीकरण प्रामुख्याने नळी आणि काडतूस यांच्या आधारे झाले. सैन्याचे .३०३ किंवा ७.६२ मि.मी. काडतूस ज्या रायफलीत बसू शकेल, ती रायफल ‘प्रतिबंधित बोअर’ या वर्गात टाकली गेली. म्हणूनच इछापूरची नागरी वापराची रायफल .३१५ बोअरची असते. तिची रचना ली-एन्फिल्डवर आधारित असली तरी तिच्यात सैनिकी काडतूस वापरता येत नाही. रिसीव्हर एकाच वळणाचा, परंतु कायद्याच्या दृष्टीने दोन रायफलींचा दर्जा भिन्न. रिसीव्हरला ओळखीचा बिंदू मानणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या नेमका विरुद्ध असा हा विचार आहे.

‘किरकोळ भाग’ : अपवाद आणि त्याची मर्यादा

सर्वच भाग शस्त्र मानले तर एखाद्याच्या खिशात सापडलेली स्प्रिंगही गुन्हा ठरेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये यासाठी काही अपवाद दिले आहेत. त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाशी थेट संबंधित आहेत.

पहिला अपवाद जुन्या शस्त्रांचा. कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्याचे वा नादुरुस्त असे जे शस्त्र दुरुस्ती करून वा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला अधिनियम लागू होत नाही. येथे ‘दुरुस्ती करून’ हे शब्द लक्षात घ्यावे लागतात. बंदूक आज चालत नाही एवढ्याने ती अपवादात बसत नाही. दुरुस्तीनंतरही ती चालू शकणार नाही, असे असावे लागते. गंजलेली परंतु घोडा बसवताच चालू होणारी बंदूक शस्त्रच राहते.

दुसरा अपवाद किरकोळ भागांचा. शस्त्राचे किरकोळ भाग जवळ ठेवण्यास अधिनियम लागू होत नाही. परंतु ते भाग त्या व्यक्तीने किंवा दुसऱ्या कोणत्याही व्यक्तीने मिळवलेल्या पूरक भागांसह वापरण्याचा उद्देश नसावा. या तरतुदीत दोन अटी एकत्र आहेत. भाग किरकोळ असला पाहिजे आणि तो जोडून वापरण्याचा उद्देश नसला पाहिजे. ‘किरकोळ भाग’ या संज्ञेची व्याख्या कलम २ मध्ये दिलेली नाही. तथापि रिसीव्हर, नळी वा बोल्ट यांना किरकोळ म्हणणे कोणत्याही तर्काने अवघड आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘दुसऱ्या व्यक्तीने’ हे शब्दही तितकेच महत्त्वाचे आहेत. चार मित्रांनी चार भाग वाटून घेतले तरी जुळणीचा उद्देश असल्यास प्रत्येकजण कायद्याच्या कक्षेत येतो.

अमेरिकी कायदा ‘हा भाग कोणता?’ असे विचारतो, तर भारतीय कायदा त्यापुढे जाऊन ‘तो कशासाठी ठेवला आहे?’ असेही विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वस्तू पाहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर परिस्थितीवरून काढावे लागते. त्यामुळे भारतीय कायद्यात पळवाट कमी आहे, परंतु निरपराध व्यक्तीला आपला उद्देश सिद्ध करण्याचा त्रासही होऊ शकतो. कलम ३ खालील गुन्ह्यासाठी खटला भरण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक करणारे कलम ३९ या दृष्टीने उपयुक्त संरक्षण आहे.

सुट्या भागांतून रायफल : भारतीय अनुभव

व्यापक व्याख्येची आवश्यकता काय, याचे उत्तर अलीकडील घटनांतून मिळते. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर पोलिसांनी सुमारे वीस एके-४७ रायफली हस्तगत केल्या. तपासाचा धागा मध्य प्रदेशातील जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत पोहोचला. तेथील बाद ठरवलेल्या रायफली व त्यांचे भाग बाहेर काढून, दुरुस्त करून विकले जात असल्याचा आरोप पुढे आला आणि तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. त्याच सुमारास, २०१७-१८ मध्ये, इछापूर कारखान्यातील नाकारलेले भाग भंगाराच्या वाटेने बाहेर जात असल्याच्या प्रकरणात कोलकाता पोलिसांच्या विशेष कृती दलाने अटका केल्या.

या दोन्ही प्रकरणांत कारखान्यातून वा भांडारातून संपूर्ण रायफल उघडपणे बाहेर पडली नाही. बाद ठरवलेले साहित्य बाहेर पडले. केवळ पूर्ण बंदूकच शस्त्र मानली असती तर असे भाग रस्त्यात पकडले गेले तरी तो केवळ चोरीचा विषय ठरला असता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तेव्हाही, अमेरिकेप्रमाणे भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत अधिकार नाही, हा फरक न्यायालयाने अधोरेखित केला.

वऱ्हाडातील संदर्भ

मूर्तिजापूर व आसपासच्या तालुक्यांत सोयाबीन, तूर, हरभरा या पिकांना रोही आणि रानडुक्कर यांचा मोठा उपद्रव होतो. रात्रीची जागल हा येथील शेतकऱ्याच्या जीवनाचा भाग आहे. कायद्यानेही या गरजेची दखल घेतली आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ती बंदूक पुरेशी नसल्याची खात्री पटल्यास परवाना अधिकारी किमान वीस इंच नळीच्या अन्य गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देऊ शकतात. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खालील स्वतंत्र परवानगी लागते.

येथे दोन देशांतील विरोधाभास ठळक होतो. काळ्या दारूवर चालणारी ठासणीची बंदूक अमेरिकेच्या संघीय कायद्यात सामान्यतः ‘बंदूक’ या व्याख्येतच येत नाही. तेथील चित्रफितींत ती टपालाने मागवताना दिसते ती यामुळेच. भारतात मात्र तीच बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात नागरिकांनी भरमार बंदुका स्वेच्छेने पोलिसांकडे जमा केल्याच्या बातम्या वेळोवेळी प्रसिद्ध झाल्या आहेत, त्यांमागे हीच पार्श्वभूमी आहे.

शेतकरी कुटुंबांत प्रत्यक्ष अडचण उद्भवते ती दोन प्रसंगी. पहिला प्रसंग दुरुस्तीचा. बंदुकीचा घोडा मोडला वा नळी सैल झाली की गावातील लोहाराकडे नेण्याची रीत जुनी आहे. परंतु कलम ५ मध्ये दुरुस्तीचाही समावेश असल्यामुळे परवाना नसलेला लोहार ते काम करून स्वतः अडचणीत येतो. दुरुस्ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच करून घ्यावी. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती त्यासाठी बंदूक नेऊ शकते, अशी सोय कलम ३ मध्ये आहे.

दुसरा प्रसंग वारशाचा. परवानाधारक वडील निवर्तले की परवाना त्यांच्याबरोबर संपतो. बंदूक मात्र घरातच राहते. अशा वेळी कलम २१ नुसार ती विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्यानंतर वारस आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करू शकतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसांसाठी यासंबंधी तरतूद असून, परवानाधारकाच्या हयातीतही, त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, वारसाच्या अर्जाचा विचार होऊ शकतो. एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे असावीत, ही २०१९ ची मर्यादा वारशाने आलेल्या शस्त्रांनाही लागू आहे. ‘नळी वेगळी करून ठेवली, आता ती बंदूक राहिली नाही’ हा घरगुती उपाय कायद्यात बसत नाही, हे वरील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

महाविद्यालयांची भूमिका

प्राध्यापकवर्गाचा या विषयाशी तीन ठिकाणी संबंध येतो. इतिहास विभागाच्या संग्रहात एखादी जुनी बंदूक वा तिचे भाग देणगीदाखल येतात. ते स्वीकारण्यापूर्वी, दुरुस्तीनंतरही ते शस्त्र चालू शकणार नाही याची खात्री करून घेणे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी स्पष्टता मिळवणे इष्ट ठरेल. तंत्रशाखेच्या कार्यशाळेत लेथ वा त्रिमितीय मुद्रणयंत्र असते. ही सामान्य उपयोगाची यंत्रे स्वतः शस्त्र नव्हेत. परंतु त्यांवर ‘प्रकल्प’ म्हणून बंदुकीचा भाग बनवणे हे कलम ५ च्या कक्षेत येऊ शकते. २०१३ मध्ये अमेरिकेत प्लॅस्टिकच्या मुद्रित पिस्तुलाचा आराखडा जगभर पसरला, तेव्हापासून ही शक्यता केवळ काल्पनिक राहिलेली नाही. तिसरे ठिकाण म्हणजे वर्ग. परदेशी चित्रफितीत दिसणारी कृती तेथे वैध असेल, परंतु त्या वैधतेला त्या देशाच्या घटनेचा व व्याख्येचा आधार आहे, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगणे हे राज्यशास्त्राच्या शिक्षकाचे कामच आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. बंदुकीचा कोणता भाग ‘बंदूक’ मानावयाचा, हे यंत्ररचनेवरून आपोआप ठरत नाही. प्रत्येक देशाचा कायदा ते आपल्या गरजेनुसार ठरवतो. एफएएलचा वरचा भाग आणि एआर-१५ चा खालचा भाग, अशी एकाच देशातील दोन भिन्न उत्तरे याची साक्ष देतात.

२. अमेरिकी कायद्याने रिसीव्हर या एका भागावर नियंत्रण केंद्रित केले. त्यामुळे सुट्या भागांचा व्यापार सुलभ झाला, परंतु अपूर्ण रिसीव्हरच्या रूपाने पळवाटही निर्माण झाली. ती बुजवण्यासाठी २०२२ चा नियम व २०२५ चा न्यायनिर्णय आवश्यक ठरला.

३. भारतीय कायदा प्रत्येक भागास शस्त्र मानतो आणि केवळ किरकोळ भागांना, तेही जुळणीचा उद्देश नसल्यास, सूट देतो. घरी रायफल जुळवणे येथे निर्मितीच्या गुन्ह्यात मोडते व त्याची किमान शिक्षा सात वर्षे आहे.

४. ‘किरकोळ भाग’ या संज्ञेची निश्चित व्याख्या आणि प्रमुख भागांची यादी अधिनियमातच दिल्यास नागरिक व तपास यंत्रणा या दोहोंना मार्गदर्शन होईल. ब्रिटनच्या २०१७ च्या कायद्याचा नमुना यासाठी अभ्यासता येईल.

५. वऱ्हाडातील ज्या कुटुंबांत जुनी बंदूक वा तिचे सुटे भाग आहेत, त्यांना परवाना, जमा करणे व वारसाहक्क यांविषयी ग्रामपातळीवर माहिती देण्याची गरज आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून मतदार नोंदणी वा जलसंधारण यांविषयी जसे प्रबोधन केले जाते, तसेच या विषयाचेही करता येईल. भीतीपोटी नळी विहिरीत टाकण्यापेक्षा वा भंगारात विकण्यापेक्षा ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा करणे कुटुंबाच्या हिताचे आहे. ही साधी गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचवण्यास गावोगावच्या विद्यार्थ्यांइतके योग्य माध्यम दुसरे नाही.